नेसणाऱ्या गेल्या

जनवाड्यात आता इरकल नेसलेली बाई दिसली, तर ती सत्तरीच्या पुढचीच असते. बीदरहून औरादकडं जाणारी बस थांबते, ती उतरते, हातातली पिशवी आधी खाली ठेवते, खांद्यावरून ढळलेला तांबडा पदर डोक्यावर नीट घेते आणि मग चालू लागते. सोबत सून असते, नात असते. त्यांच्या अंगावर सुरतेकडची छापील साडी, नाहीतर पंजाबी ड्रेस. रस्त्यावरच्या गर्दीत तो तांबडा पदर लांबूनही नजरेत भरतो. पूर्वी भरला नसता, कारण सगळा रस्ताच तांबड्या पदरांचा होता.

दर हिवाळ्यात अशा दोनचार बाया कमी होतात. बाई गेली की मागं काय राहिलं याचा हिशेब होतो. शेत कुणाच्या नावावर, पाटल्या कुणाला, पुतळ्यांची माळ कुठल्या सुनेला. तिच्याबरोबर कापडाची जी जाण गेली, तिची नोंद कुठल्याच वाटणीपत्रात होत नाही. हातमागाच्या ऱ्हासाबद्दल जेव्हा जेव्हा लिहिलं जातं तेव्हा विणकराचं दुःख लिहिलं जातं, आणि ते लिहायलाच हवं. मात्र सीमेवरच्या या गावातून पाहताना मला एक गोष्ट फार खुपते. माग थंडावण्याच्या आधी नेसणारी बाई गेली. तिचा शोक कुणी केला नाही.

इलकल हे गाव बागलकोट जिल्ह्यात, कृष्णेच्या दक्षिणेला. आम्ही त्याला इरकल म्हणतो आणि लुगड्यालाही तेच म्हणतो. विणणारे हात कानडी. नेसणाऱ्या कानडी तशा मराठीही: बीदर, भालकी, बसवकल्याण, उदगीर, निलंगा, लातूर, सोलापूर, पार पंढरपूरच्या वारीपर्यंत. सबंध रेशमाचं इरकल क्वचित. आमच्या बायांनी जन्मभर नेसलं ते लुगडं अंगात सुती आणि काठापदराला रेशमी.

या रचनेचा मी जितका विचार करते तितका माझा जीव तिच्यात गुंतत जातो. सुती अंग घाम शोषतं, उन्हात थंड लागतं, विहिरीवरच्या दगडावर रोज आपटलं तरी टिकतं. म्हणून रानात राबणाऱ्या देहाला कापूस. आणि रेशीम कुठं, तर जिथं बाई चारचौघांत दिसते तिथं. डोक्यावर, खांद्यावर, पोटऱ्यांजवळून फिरणाऱ्या काठात. पदर 16 ते 27 इंचांचा, म्हणजे हातभर. अख्खा शालू जिला उभ्या आयुष्यात परवडला नसता, तिलाही हातभर रेशीम मिळालं पाहिजे, असा निवाडा कुणीतरी खड्डा-मागावर बसून केला आणि पिढ्यानपिढ्या तो पाळला. रेशमाबद्दल बोलताना लोक राजेरजवाड्यांची नावं घेतात. माझ्या डोळ्यांसमोर खुरपणीला चाललेल्या बायांची रांग येते. त्यांच्या डोक्यावर भाकरीचं गठुडं असे, आणि गठुड्याखाली रेशीम असे.

आता हे रेशीम कापसाला जोडायचं कसं? इथं इलकलच्या विणकरानं जे केलं त्याला तोड नाही. लुगड्याच्या अंगाचा ताणा वेगळा लावायचा, पदराचा वेगळा, काठाचा वेगळा. मग अंगाच्या प्रत्येक उभ्या धाग्याचा फास पदराच्या उभ्या धाग्याच्या फासात अडकवायचा. एक फास, दुसरा फास, पन्ह्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. याला तिकडं टोप तेणी म्हणतात, आपल्याकडच्या बाया टोप पदर म्हणतात. गाठ मारली जात नाही, शिवण नाही, डिंक नाही. कापूस आणि रेशीम एकमेकांत हात घालून उभे राहतात आणि मग त्यांच्यावरून धोटा फिरतो. जुनं इरकल उजेडात धरलं आणि पदर जिथं सुरू होतो तिथं बोट फिरवलं, तर ती रेघ बोटाला अजून जाणवते.

याचा अर्थ असा की प्रत्येक लुगड्यासाठी ताणा नव्यानं करावा लागतो. बाकीच्या कापडाला एकदा लांबच लांब ताणा चढवला की त्यावर लुगड्यामागून लुगडं विणत जाता येतं. टोप पदराला ती सोय नाही. नऊवारी हवं तर नऊवारांचा ताणा, आठवारी हवं तर आठवारांचा, आणि विणून झालं की पुन्हा पहिल्यापासून. घरातल्या बायका कांड्या भरतात, धागे जुळवतात, फास अडकवतात. मागावर बसणाऱ्याचे पाय खड्ड्यात आणि डोळे काठावर. यंत्रमागाला हे परवडणारं नाही, कारण त्याला लांब ताणा हवा आणि थांबणं नको. त्यामुळं यंत्रमागाचं इरकल पाहिलंत तर तांबडा पदर असेल, पांढरे पट्टेही असतील, पण फासांची ती ओळ नसेल.

पदरावरच्या नक्षीतही हाच मुलूख आहे. पदर तांबडा, त्यात पांढऱ्या रेशमाचे पट्टे, आणि त्यांत चार जुने नमुने: कंगवा, किल्ल्याच्या तटाचे कंगोरे, ज्वारीचं कणीस, डोंगरांची रांग. बीदरच्या किल्ल्याचा तट जिनं लहानपणापासून पाहिला आणि हिवाळाभर जिनं ज्वारीचं रान राखलं, तिला हे नमुने कुणी समजावून सांगावे लागले नाहीत. काठांची नावं तर बायांच्या तोंडात अशी असत की जणू लेकीबाळींची नावं. गोमी, चिक्की परास, गाडीदडी. नुसतं काठावरून सांगत, ही अमक्या घरची, हिला भावानं चांगलं लुगडं केलंय.

मी लहान असताना गठुडंवाला येई. सायकलच्या मागं बांधलेलं कापडाचं ओझं, वर ताडपत्री. पारावर गठुडं सोडलं की बाया जमत. आमच्या आजीला गावात सगळे आक्काच म्हणत. ती सगळ्यांत शेवटी येई आणि सगळ्यांत पुढं बसे. तो घडी उलगडून पदराचा तांबडा झोत तिच्यापुढं टाके.

‘आक्का, नवा माल हाय. बगा तरी.’

‘आदी पाठ दाव, बाबा. तोंड मग बगू.’

आणि लुगडं उलटं होई. उलट्या बाजूला लोंबणारे धागे किती, हे आधी पाहायचं. मग काठाची एक दशी उपसून तिला दिव्याची ज्योत लावायची. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांत राखेची भुकटी झाली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर घडी परत. ओल्या बोटानं काठ चोळून ते बोट पांढऱ्या फडक्याला पुसायचं, रंग उतरतो का बघायला. अंगाचं कापड उन्हाकडं धरून आरपार बघायचं. नखानं बोटभर जागेतले उभे धागे सारून मोजायचे, ओठ हलत असायचे. शेवटी पदराचा जोड. तिथं ती डोळे मिटून घेई आणि अंगठा फिरवी. एखादा फास सुटलेला असला तर अंगठा तिथं थांबायचा.

गठुडंवाला हे सगळं मुकाट सोसत असे, कारण त्याला ठाऊक होतं की ही बाई घेईल तर गल्ली घेईल. आणि ज्या घडीला तिनं नाही म्हटलं, ती घडी परत व्यापाऱ्याकडं जाई, तिथून विणकराकडं. जनवाड्याच्या, हुमनाबादच्या, निलंग्याच्या अशा अंगठ्यांनी इलकलचे माग सरळ ठेवले. विणकर आणि नेसणारी एकमेकांना कधी भेटली नाहीत. त्याला मराठी येत नव्हतं, तिला कानडी कामापुरतं येत होतं. तरी त्यानं कुठं कसर केली हे तिला कळायचं, आणि तिला कळतं हे त्याला माहीत असायचं. कलेची किंमत म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी या जाणिवेकडं बोट दाखवीन. जर किती ग्रॅम आणि दिवस किती लागले, हे नंतरचं.

1948 च्या आधी इलकल परक्या मुलखात होतं. ते तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यात, मुंबई इलाख्यात, आणि आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात. बाहेरून येणाऱ्या मालावर संस्थानाची जकात होती, करोडगिरी म्हणत तिला. ती भरून लुगडी इकडं येत आणि बाया ती घेत. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान संपलं. 1 नोव्हेंबर 1956 ला बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरला मिळाले. ज्या बाईचं माहेर उदगिराकडं, तिचा भाऊ रातोरात दुसऱ्या राज्यातला झाला. त्याच दिवशी इलकल आणि जनवाडा मात्र एका राज्यात आले. लग्नाचा बस्ता बांधायला लोक उदगीरलाच जात राहिले, आणि तिथल्या दुकानात कृष्णेपलीकडची लुगडी मराठीत विकली जात राहिली. सीमेच्या प्रश्नावर आमच्याकडं पुष्कळ भाषणं झाली, दोन्ही बाजूंनी. त्या भाषणांना समोर बसलेल्या बायांच्या डोक्यांवर कानडी विणीचा पदर आणि अंगावर मराठी कासोटा होता.

गावात इरकल घरोघरी, पैठणी मात्र मोजक्या घरी. देशमुखाच्या, कुलकर्ण्याच्या, एखाद्या सावकाराच्या. पैठण गोदावरीवरचं, सातवाहनांची राजधानी, आणि बीदरसारखंच निजामाच्या अमलातलं. पैठणीची करामत निराळी. बाण्यासाठी एकच धोटा सरसर फिरवायचा नाही; नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली, आणि जिथं एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथं दोन्ही धागे एकमेकांत अडकवायचे. त्यामुळं पदराच्या पाठीला एकही धागा लोंबत नाही. मोर इकडून जेवढा मोर, तिकडूनही तेवढाच. आक्काच्या ‘पाठ दाव’ला ज्यानं छातीठोक उत्तर दिलं असं हे एकच कापड. बांगडी मोर, आसावली, मुनिया, नारळी काठ, अजंठ्याचं कमळ, ही नावं येवल्यात आजही विणली जातात, आणि 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. येवल्याच्या मागावर जे रेशीम चढतं ते बहुतेक आमच्या कर्नाटकातलं. रामनगरच्या बाजारात कोशांचे ढीग पडतात, तिथून सूत निघतं आणि उत्तरेला जातं. कोशातला जीव उकळत्या पाण्यात संपतो तेव्हा तो धागा अखंड राहतो. एकेका साडीमागं असे हजारो जीव असतात. रेशमाला आपल्याकडं सोवळं मानलं, देवाला मुकटा नेसून बसलं, त्याचा हा भाग कुणी बोलून दाखवत नाही. मला वाटतं, इतक्या जिवांच्या मोबदल्यात आलेलं कापड निष्काळजीपणानं विणणं किंवा नेसून फेकणं, हा त्यांचा दुसऱ्यांदा केलेला घात आहे.

त्या मोजक्या पैठण्यांचं काय झालं ते सांगते. जुनी जर खरी असे, चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी. दर काही वर्षांनी जुन्या जरीची लुगडी घेणारे गल्लीतून हाळी देत फिरत. दुष्काळ असला, मुलीचं लग्न असलं, की पेटीतलं लुगडं बाहेर येई. ते लोक वजन करत, पैसे देत आणि घेऊन जात. पुढं त्याला आग लावत. रेशीम जळून जाई, मोर जळून जाई, आणि खाली जी चांदी उरे ती आटवून विकत. ज्यानं विणलं त्याचे महिने गेले होते, आणि त्या महिन्यांना काट्यावर वजन नव्हतं. घरातल्यांना दोष द्यावा असंही मला वाटत नाही. पोटाला भाकर लागते. पण या मुलखातल्या जुन्या पैठण्या संग्रहालयांत का दिसत नाहीत, असं कुणी विचारलं तर उत्तर हे आहे.

इरकलात वितळवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते घरातच झिजलं. फार सुंदर झिजलं. नऊवारी लुगडं आधी बसायच्या जागी विरतं. मग बाया मधला विरलेला भाग कापून टाकत आणि उरलेली दोन टोकं जोडून मधोमध शिवण घालत. त्याला दांड म्हणतात. दांडाचं लुगडं नेसणं ही गरिबीची खूण होती आणि नेटकेपणाचीही. निऱ्यांत दांड लपवता आला पाहिजे. विणकरानं मागावर जोडलेलं, बाईनं सुईनं पुन्हा जोडलेलं. पदर मात्र दातांत धरून धरून कोपऱ्यावर विरायचा, कारण दोन्ही हात कामात असत. त्या कोपऱ्यात बाजाराच्या चिल्लरीची गाठ असे, लेकरांचं नाक पुसलं जाई, चुलीवरचं गरम भांडं उतरे. अगदीच नेसवेना झालं की सुती अंगाची बाळुती, आणि काठापदराची वाकळ. वाकळीच्या कडेनं ते तांबडं रेशीम लावत. आम्ही भावंडं त्या कडेसाठी भांडायचो, गालाला ती गार लागायची म्हणून. शेवटची चिंधी बोहारणीकडं जाई, आणि घरात एक भांडं येई.

येळवशीला या लुगड्यांचा खरा थाट. दर्शवेळ अमावास्या, आमच्या भागातला हा सण सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच. ज्वारी पोटरीत आलेली, हरभरा घाटे धरलेला, आणि अख्खं गाव रानात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले, डोक्यावर अंबिलाचं मडकं, टोपल्यात भज्जी आणि उंडे. त्या दिवशी पेटीतलं ठेवणीतलं इरकल निघे. मांजरेच्या काठच्या काळ्या रानातल्या हिरव्या पिकातून बाया चालल्या की फक्त तांबडे पदर दिसत, खालचं अंग पिकात बुडालेलं. आता येळवस होते, अंबील असतं, ट्रॅक्टरमधून लोक जातात. ते रंग मात्र रानात नाहीत.

आपला हा भाग कापडाच्या बाबतीत अडाणी कधीच नव्हता. बसवकल्याण याच जिल्ह्यात. तिथं चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 1129 च्या सुमारास मानसोल्लास रचला. त्यात वस्त्रांवर वेगळं प्रकरण आहे. कुठल्या देशाचं कापड चांगलं, कोणत्या ऋतूत काय नेसावं, याचा त्यात विचार आहे. आणि कांडताना महाराष्ट्रातल्या बाया ओवी गातात, हेही त्याच ग्रंथात नोंदलं आहे. राजाच्या अंगावरची वस्त्रं आणि मुसळाशी उभ्या असलेल्या बाईची ओवी एकाच पोथीत. त्याहूनही आधी, जुन्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मुदनूरचा दासिमय्या माग चालवत होता आणि रामनाथाच्या नावानं वचनं रचत होता. बसवण्णांच्या आधीचा हा विणकर वचनकार. विणणं हे या मातीत हलकं काम नव्हतं. त्यातून बोलता येत होतं, देवाशीही.

मग हे संपलं कसं? नुसतं यंत्रमागावर खापर फोडून भागणार नाही. यंत्रमागानं नक्कल केली हे खरं. 1985 साली हातमागासाठी काही वस्त्रं राखून ठेवणारा कायदा झाला. यादीत आधी 22 प्रकार होते, पुढं 11 राहिले. कायद्याला न जुमानता नकला बाजारात आल्या आणि त्या अर्ध्या-पाव किमतीला विकल्या गेल्या. 2009-10 च्या हातमाग गणनेत देशात 43.31 लाख विणकर आणि पूरक कामगार होते. 2019-20 च्या गणनेत 35.22 लाख उरले. त्यांच्यात दहापैकी सात बायका, आणि तीन घरांपैकी दोन घरांचं महिन्याचं उत्पन्न 5,000 रुपयांच्या आत. ज्या घरात धागा धाग्याला जोडून पदर होतो, त्या घरातल्या मुलानं मागावर का बसावं? त्याला बेंगळुरूला, पुण्याला जावंसं वाटलं तर त्यात गैर काय?

तसंच नेसणारीचंही. नऊवारी लुगडं जड, धुवायला जड, वाळायला वेळ लागणारं. कुणी किती वार नेसावं, काठ केवढा असावा, कासोटा असावा की नसावा, यावर जातीचे डोळे लागलेले. कित्येक घरांत बाईला वर्षाकाठी एकच लुगडं मिळे, आणि तेही कुणीतरी ठरवून आणलेलं. तिच्या नातीला सायकल चालवायची होती, कॉलेजात जायचं होतं, कलबुर्गीच्या बसला लोंबकळायचं होतं. तिनं हलकी साडी घेतली, ड्रेस घेतला. मी तिच्या बाजूनं उभी आहे, कारण मीही तीच नात. लुगडं सुटलं याचं मला वाईट वाटत नाही. लुगड्याबरोबर अंगठ्यातली जाण सोडून द्यायची काही गरज नव्हती, त्याचं वाईट वाटतं. आजी नुसतं नेसायला शिकवत नव्हती. माणसाच्या कष्टाची पारख कशी करावी हे ती शिकवत होती, आणि आम्ही ते जुनाट म्हणून ऐकलं नाही.

त्याचा परिणाम सगळ्यांत उघडा कुठं दिसतो, तर मसणात. बाई गेली की माहेरचं लुगडं यावं लागतं. तिचं शेवटचं. लिंगायतांत पुरतात, बाकीच्यांत सरण रचतात, पण माहेरचं लुगडं दोन्हीकडं. सोयरे-धायरे एकावर एक साड्या अंगावर घालतात. पूर्वी ती इरकलं असत. आता दुकानात यासाठी वेगळा गठ्ठाच ठेवलेला असतो, स्वस्तातल्या स्वस्त पॉलिस्टरचा. मागणारा काठ बघत नाही, पाठ बघत नाही, किती पाहिजेत तेवढं सांगतो. कापूस आणि रेशीम आगीत जाऊन राख होतात. हे कापड आकसतं, वितळतं आणि त्याचे काळे गोळे होतात. जिनं जन्मभर दशी जाळून रेशमाची पारख केली, तिच्या अंगावर ते वितळतं.

सगळ्याच कलांचं असं झालं नाही. बीदरच्या बाजारात आजही बिदरीचे कारागीर बसलेले दिसतात. काळ्या धातूत चांदीची तार ठोकून बसवतात, किल्ल्यातली माती लावून रंग पक्का करतात. 2023 मध्ये शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या जिल्ह्याला आनंद झाला, आणि तो रास्तच होता. बिदरीची सुराही काचेच्या कपाटात ठेवली तरी सुराहीच राहते. साडीचं तसं नाही. कपाटात घडीवर घडी पडून राहिली तर घडीच्या रेघेवर रेशीम तुटतं. ती वर्षातून एकदा तरी उलगडावी लागते, घडी बदलावी लागते, आणि खरं म्हणजे अंगावर घ्यावी लागते. म्हणून साडी फक्त विणकराला पुरस्कार देऊन जगणार नाही. तिला नेसणारी लागते, आणि नुसती नेसणारी नव्हे, उलटून बघणारी लागते.

शहरांत सध्या इरकलाची पुन्हा चलती आहे. इरकलाचे कुर्ते, इरकलाच्या पिशव्या, खणाच्या चोळ्या, लग्नात पैठणी तर हवीच. मागणी वाढली हे चांगलंच, त्यातून काही घरांत चूल पेटते. पण त्या कापडात टोप पदर नसतो, कारण कुर्त्याला पदर लागत नाही. म्हणजे जे सगळ्यांत अवघड, ज्यासाठी एकेका लुगड्याचा ताणा वेगळा लावावा लागतो, नेमकं तेच गळून जातं आहे. कापड उरेल आणि त्यातली करामत जाईल. पैठणीच्या नावानंही यंत्रमागाचा माल सर्रास खपतो, आणि घेणारी मोराचा रंग बघते, मोराची पाठ बघत नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्या बायांना, आणि बाप्यांनाही, माझी विनंती आहे. तुमच्या घरात पेटीच्या तळाला आजीचं एखादं इरकल असेल तर ते बोहारणीला देऊ नका. आज ते बाहेर काढा, अंग आणि पदर जिथं भेटतात तिथं अंगठा फिरवा आणि लेकीचाही अंगठा तिथं ठेवा. दशी जाळून बघायला तिला शिकवा. पुढच्या खेपेला साडी घ्यायला गेलात की दुकानदाराला टोप पदराचं हातमागाचं इरकल मागा, नावानं मागा. त्यानं घडी उलगडली की आधी पाठ बघा. पाठ खरी असेल तर सांगितलेली किंमत मोजा, घासाघीस करू नका. खोटी असेल तर परत करा आणि का परत केली ते त्याला सांगा. ते ऐकायला इलकलच्या मागांवर अजून माणसं बसलेली आहेत.